भात्यावरचा हात

फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, सेरे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९११ च्या उन्हाळ्यात पाब्लो पिकासोने काढलेले ‘अकॉर्डियनवादक’ हे तैलचित्र आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. या चित्राची एक गंमत सांगतात. पूर्वी ते ज्यांच्याकडे होते त्यांतल्या एका मालकाने ते बरीच वर्षे निसर्गचित्र म्हणून बाळगले. कॅनव्हासच्या पाठीवर ‘सेरे’ असे लिहिलेले होते. गावाचे नाव, तेव्हा चित्रही गावाचेच असणार, असा त्याने सरळ हिशेब केला. उतरती छपरे, डोंगराच्या सोंडा, मध्ये एखादी पायवाट, असे त्याला दिसत असणार. त्याच्या भिंतीवर एक माणूस वाद्य वाजवीत बसलेला होता आणि हे त्याच्या गावीही नव्हते.

क्यूबिझमची, म्हणजे ज्याला आपल्याकडे घनवाद म्हणण्याचा प्रघात पडला आहे त्याची, टिंगल करावयाची असली की ही गोष्ट सांगतात. मीही ती अनेकदा सांगितली आहे. शाळेत चित्रकला शिकवीत असताना वरच्या वर्गातील मुलांसमोर या चित्राची छापील प्रत धरून “यात माणूस शोधा” असा खेळ मी करीत असे. एखादा हुशार मुलगा खांदे शोधून काढी, एखादा खुर्चीचा हात. आणि माणूस सापडला की तास संपे. चित्र म्हणजे कोडे, आणि कोडे सुटले की पान उलटावयाचे! या लेखाचे निमित्त म्हणजे माझी ती चूक. ती माझ्या लक्षात आणून दिली ती कोणा कलासमीक्षकाने नव्हे. गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागच्या बोळात भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांच्याकडे मी पुढे येईन.

आधी चित्र. पुस्तकातल्या वीतभर प्रतीवरून या चित्राविषयी बोलणे धोक्याचे आहे. मूळ कॅनव्हास सुमारे १३० सेंटिमीटर उंच आणि ९० सेंटिमीटर रुंद आहे. मी न्यूयॉर्कला गेलेलो नाही, जाण्याचा संभवही नाही. म्हणून एकदा मी त्या मापाचा तपकिरी कागद कापून खोलीच्या भिंतीवर लावला आणि समोर खुर्ची टाकून बसलो. तेव्हा एक साधी गोष्ट कळली, जी इतकी वर्षे पुस्तकाने कळू दिली नव्हती: आपल्यासमोर कोणी खुर्चीवर बसून वाजवीत असेल तर त्याने नजरेची जेवढी जागा व्यापावी, जवळजवळ तेवढीच हा कॅनव्हास व्यापतो. मापाच्या दृष्टीने हे चित्र दूरच्या गावाचे दृश्य नाही. ते समोरासमोरचे आहे, बैठकीतल्या अंतरावरचे.

आता रंग. तपकिरी, करडा, मातकट पिवळा, कोठे काळसर छाया, कोठे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी फिकट झळाळी. बस्स. ज्या माणसाने निळ्या आणि गुलाबी रंगांत तरुणपणची वर्षे घालविली त्याने येथे रंग जवळजवळ टाकून दिला आहे. लहान लहान, आडव्या, विटांसारख्या फटकाऱ्यांनी पृष्ठभाग भरला आहे. वरच्या बाजूला रेषा एकत्र येत त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे जातात. खालच्या बाजूला पसरतात. मध्यभागी जवळजवळ बसलेल्या समांतर घड्या आहेत, तो भाता. त्यांच्याजवळ वाद्याच्या चाव्या. अगदी खाली, डाव्याउजव्या बाजूंना, गुंडाळीसारखी दोन वळणे आहेत: ती आरामखुर्चीच्या हातांची टोके. कोपऱ्यांकडे चित्र विरळ होत जाते, जसे काही गायकाच्या भोवतीचे श्रोते दिव्याच्या उजेडाबाहेर गेले की अंधुक व्हावेत. गर्दी सगळी मध्यावर.

इतके वर्णन केल्यावरही चित्र हाती लागत नाही हे मला माहीत आहे. त्रिकोण सांगितला, घड्या सांगितल्या. पण नजर त्रिकोणावर ठरावी तर त्याची एक बाजू पुसट होऊन शेजारच्या करड्या पापुद्र्यात मिसळलेली असते, आणि तो पापुद्रा पुढे आहे की मागे हे ठरवीपर्यंत आपण तिसऱ्याच पृष्ठभागावर घसरलेले असतो. कोणताही तुकडा स्वतःभोवती पूर्ण कुंपण घालून बसलेला नाही. हे ‘उघडे टोक’ या चित्राचा प्राण आहे असे मला वाटते. पण हे कळावयाला मला पेटीवाल्यांकडे जावे लागले.

आमची घरची पेटी भात्यातून वारा सोडू लागली होती. ती दाखवावयाला गेलो तेव्हा पिशवीत योगायोगाने हे चित्र असलेले पुस्तक होते. मामांनी (सगळे गाव त्यांना मामाच म्हणते) पेटी उघडली, पितळी सुरांवरून बोट फिरविले, भात्याच्या घडीतली चीर दाखविली, आणि गोंद वाळेपर्यंत वेळ होता म्हणून मी पुस्तक त्यांच्यापुढे धरले. काय आहे हे सांगितले नाही. जुनी मास्तरकीची खोड. त्यांनी चष्मा वर सरकवून क्षणभर पाहिले, आणि अंगठ्याने बरोबर मध्यावर टेकून म्हणाले, “भाता हाय ह्यो. गळ्यातल्या पेटीचा.” मी थक्क झालो. शहरातल्या शिकलेल्या माणसांना जे दाखवून द्यावे लागते ते यांना प्रथम दिसले. मग थोडा वेळ गेला. “पट्ट्या बी हायत. पर मास्तर, हात कुठाय?”

मी म्हणालो, “हात नसेल काढला.”

“आसं कसं? ह्या पेटीत आतला भाता नसतोय.”

हे मला समजले नाही तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. आपल्या बसून वाजवावयाच्या पेटीला दोन भाते असतात. मागचा भाता डाव्या हाताने दाबावयाचा, तो वारा आतल्या भात्यात जातो. तेथे तो साठतो आणि आतल्या दाबाने एकसारखा सुरांना मिळतो. हाताचा हिसका आतला भाता गिळून टाकतो. गळ्यात अडकविण्याच्या अकॉर्डियनला हे साठवण नाही. दोन हातांच्या मध्ये एकच भाता. तो ताणला की वारा, दाबला की वारा, आणि तो वारा थेट सुरावर. हात थरथरला की सूर थरथरतो, हात थांबला की सूर मेला. ऑर्केस्ट्रावाल्यांचे एकदोन अकॉर्डियन त्यांच्या हातून दुरुस्त होऊन गेले होते, त्यामुळे त्यांना हे ठाऊक. “तवा भाता काढला आन् हात न्हाई काढला,” ते म्हणाले, “तर त्यो वाजतोय कशानं?”

घरी येईपर्यंत मी या प्रश्नाला अडाणी म्हणून बाजूला सारीत होतो. आधुनिक चित्राला हात कोठे, पाय कोठे असे विचारू नये, एवढी अक्कल आम्ही पुस्तकांतून मिळविलेली असते. पण प्रश्न अडाणी नव्हता. वाद्य वाजत असल्याचा प्रत्यय चित्र कशाने देते, असाच त्याचा अर्थ होता. आणि संगीतविषयक चित्राला याहून नेमका प्रश्न विचारता येईल असे मला वाटत नाही.

आपल्या घराघरांत संगीताचे चित्र म्हणजे राजा रविवर्म्याची सरस्वती. तिच्या मांडीवर वीणा आहे, बोटे तारांवर आहेत, मोर आहे. आणि सर्वत्र शांतता आहे. रविवर्म्याचेच १८८९ चे एक मोठे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, त्यात निरनिराळ्या प्रांतांच्या पेहरावातल्या अकरा स्त्रिया वाद्ये घेऊन एकत्र जमल्या आहेत. काय ते कसब! जरीचा काठ आणि साधा काठ यांतला फरक हाताला लागावा असा. बोटे तर इतकी व्यवस्थित आहेत की शिकाऊ मुलाने त्यांवरून हात काढावयास शिकावे. मी शिकलो आहे. पण मामांचा प्रश्न त्या चित्राला विचारला तर उत्तर विचित्र येते. हात सगळे आहेत, आणि वाजत काहीच नाही. या स्त्रिया वाजविण्यापूर्वी किंवा वाजवून झाल्यावर बसलेल्या आहेत. बहुतेक कोणी तरी त्यांना ‘हलू नका’ असे सांगितले आहे. यात रविवर्म्याचा दोष नाही. एका क्षणाचे, एका जागेवरून दिसणारे चित्र काढावयाचे असे एकदा ठरविले की संगीताने त्या चित्राबाहेर थांबावे लागते, कारण संगीत एका क्षणात मावत नाही. आमच्या कोल्हापुराकडची सारी चित्रपरंपरा, आबालाल रहिमानांपासून बाबूराव पेंटरांपर्यंत, या एका क्षणाच्या निष्ठेतून उभी राहिली; मी तिच्यातच वाढलो, आणि तिची थोरवी मला आजही तितकीच वाटते. फक्त तिला गाणे ऐकू येत नाही.

आता पेटीचा एक जुना तंटा आठवावा लागेल. पेटी हे वाद्यच परदेशी. अलेक्झांडर दबँ याने १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. अकॉर्डियनचे त्याआधी १८२९ साली व्हिएन्नामध्ये निघाले होते. दोन्हींचा जीव एकच: पितळी पात्यावरून जाणारा वारा. ही पेटी आपल्या संगीतात शिरली आणि शास्त्रकारांनी तिच्यावर जो आक्षेप घेतला तो अगदी रास्त होता. तिचे सूर सुटे सुटे असतात. षड्जावरून गंधारावर जाताना गळा जी वाट चालतो ती वाट पेटीपाशी नाही. तिच्यापाशी फक्त मुक्काम आहेत. तिला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत. या कारणाने ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला बंदी घातली, आणि ती काही अंशी उठावयास १९७१ साल उजाडले.

आणि तरीही याच पेटीवर गायकी काढणारे वादक झाले. आमच्या कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे हे त्यांतले अग्रगण्य. त्यांची पेटी गाते असे लोक म्हणत. पेटी गात कशी असेल? मींड तर पात्यात नाहीच. ज्यांनी पेटीवर थोडे फार बोट फिरविले आहे त्यांना याचे उत्तर माहीत असते. एक सूर पुरता सुटण्यापूर्वी दुसरा हलकेच लागलेला असतो. भात्याचा दाब त्या सांध्यावर किंचित कमी होतो. स्पर्शाचा कण एवढा बारीक असतो की पायरी जाणवण्याऐवजी उतार जाणवतो. दोन सुरांच्या मधली वाट वादक वाजवीत नाही. तो दोन्ही सुरांची टोके अशी उघडी ठेवतो की ती वाट ऐकणाऱ्याचा कान पुरी करतो.

पिकासोच्या चित्रातील ‘उघडे टोक’ मी वर म्हटले ते हेच. फ्रेंच चित्रकारांच्या बोलीत याला ‘पासाज’ म्हणतात, म्हणजे वाट, जाण्यायेण्याची जागा. ही युक्ती सेझानची. डोंगराची कड काढताना तो ती मध्येच सोडून देई आणि तेथून डोंगराचा रंग आभाळात पाझरू देई. १९०६ साली सेझान वारला. त्याच्या मागून येणाऱ्या दोन तरुणांनी, पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी, ही सैल सोडलेली कड हाती धरून चित्राची सारी बांधणी बदलली. पृष्ठभाग कोनाकोनांनी मोडावयाचा, पण मोडलेला प्रत्येक तुकडा एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडा ठेवावयाचा. घनवादाचे वर्णन करताना आपण नेहमी मोडण्याविषयी बोलतो: वस्तूचे तुकडे केले, अनेक बाजू एकदम दाखविल्या, वगैरे. तुकडे करणे सोपे आहे; आरसा हातातून पडला तरी तुकडे होतात. ‘अकॉर्डियनवादक’ पाहताना नजर अडखळत नाही, अविरत वाहत राहते, ती तुकड्यांमुळे नाही, सांध्यांमुळे. बाहीची घडी भात्याच्या घडीत जाते. भात्याची घडी छातीच्या कडेत विरते. छातीची कड खांद्यावरून उतरत खुर्चीच्या वळणापाशी येऊन थांबल्यासारखी होते आणि पुन्हा वर चढते. सुटे, टोकदार, पितळी पात्यांसारखे कठीण सूर, आणि त्यांतून निघणारी मींड!

योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, पण हे सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या १९११ साली सेरेला हे चित्र निघाले त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईत खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, आणि त्याच्या चाली टेंब्यांच्या होत्या. ख्याल-ठुमरीच्या बंदिशी त्यांनी उचलल्या, नाटकाच्या पदाच्या मापात बसविल्या, आणि तरी त्यांचा वाहता जीव जाऊ दिला नाही. त्या दोन माणसांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती.

सेरेविषयी आणखी एक. त्या उन्हाळ्यात ब्राकही तेथे येऊन राहिला होता आणि दोघे शेजारी शेजारी काम करीत होते. या काळातली त्यांची चित्रे इतकी सारखी आहेत की पुढे त्यांनाच ती ओळखावयास अवघड जावे. समोरच्या बाजूला सही करण्याचेही दोघांनी सोडले होते. यांतला संगीताचा माणूस ब्राक. तो स्वतः अकॉर्डियन वाजवी. वाद्याविषयी त्याने पुढे सांगितले आहे ते असे, की वाद्य ही वस्तू स्पर्श केला की जिवंत होते, म्हणून ते त्याला जवळचे वाटे. पिकासोच्या या वादकामागे ब्राकचे ते वाजविणे किती आहे हे कोण सांगणार? पण पाहून काढलेल्या वाद्यात आणि शेजारच्या माणसाच्या मांडीवर रोज वाजणाऱ्या वाद्यात फरक असतो, आणि या चित्रात तो मला जाणवतो. सेरे हे गावही आपल्या ओळखीचे वाटण्यासारखे आहे. राज्य फ्रान्सचे, बोली कातालान, थोडे पुढे गेले की स्पेनची हद्द. हिरण्यकेशीच्या काठी राहणाऱ्या आम्हां लोकांना, ज्यांच्या मिरचीच्या सौद्यात अर्धे आकडे कानडीत बोलले जातात आणि ज्यांच्या एस्‌टीचा संकेश्वरला मुलूख बदलतो, एका वस्तूला दोन बाजूंनी पाहणे फारसे नवलाचे वाटू नये.

हे सारे मान्य करणारे एक जण मला लगेच अडवतील, आणि त्यांची अडवणूक दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ते म्हणतील: मग हे चित्र म्हणजे शुद्ध लयच झाली की! मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगून कलाकृतीची संगती लावली आहे, त्या दृष्टीने येथे तिरप्या रेषांचा विरोध, घड्यांचा संवाद आणि खालच्या दोन वळणांनी साधलेला समतोल दाखविता आला की झाले. अकॉर्डियन असो की डोंगर असो, काय फरक पडतो? तरुणपणी मी स्वतः असेच म्हणत असे, आणि फार मोठ्या आवाजात म्हणत असे.

पण मग त्या सेरेवाल्या मालकाचे काय? त्याने हे चित्र निसर्गचित्र म्हणून पाहिले. रेषा त्याच, छटा त्याच, विरोध आणि समतोल तेच. लयीखेरीज येथे काही नसेल, तर त्याचे काहीही हुकले नाही. आपण त्याला हसण्याचे कारण उरत नाही. माझे मत असे आहे की त्याचे फार मोठे हुकले. डोंगर म्हणून पाहिले की मधल्या घड्या म्हणजे शेतांच्या ताली होतात, आणि ताली स्थिर असतात. भाता म्हणून पाहिले की त्या घड्या मिटण्याउघडण्याच्या मध्ये कोठे तरी असतात. त्या एका ज्ञानाने सगळे चित्र श्वास घेऊ लागते: शेजारचे प्रतल पुढे येते, पुन्हा मागे जाते, आणि ते तसे का करते हे आपल्या छातीला कळते. लय बदलत नाही, पण लय कशाची हे कळल्याने ती आपल्याला लागू होते. चित्राचे नाव येथे पाटी म्हणून लावलेले नाही. ते चित्राच्या घटकांपैकी एक आहे, रंगाइतकेच. विषय ही कलेबाहेरची बाब आहे असे म्हणणाऱ्यांना या चित्राने मला तरी कायमचे पारखे केले.

आणि येथे मला मामांच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. हात कोठे आहे? भात्याच्या बाजूंना मला बोटे म्हणावीत अशा काही रेघा दिसतात. पण त्या चाव्याही असतील, मी भांडणार नाही. मात्र अकॉर्डियनला वारा साठविणारा आतला भाता नसतो हे एकदा कळल्यावर मी चित्र पुन्हा पाहिले, आणि ते आडवे, तोकडे, थरथरते फटकारे सगळीकडे होते. वाद्यावर होते तसेच खांद्यावर, खुर्चीवर, मागच्या रित्या जागेवर. कोठेही रंग साठवून, गुळगुळीत करून ठेवलेला नाही. हाताचा प्रत्येक दाब थेट पृष्ठभागावर आला आहे. वादकाचा हात एका जागी सापडत नाही, कारण सगळा माणूसच भाता झाला आहे. चांगला वाजविणारा रंगात आला की असे होतेच. आपण त्याच्या हाताकडे पाहावयाचे विसरतो.

आपल्याकडे घनवाद आला तो बराच उशिरा, आणि बऱ्याच अंशी वेगळ्या वाटेने. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे बडोद्याला शिकवीत असताना त्यांच्या ‘थॉर्न’ या चित्राला १९५५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईचे जहांगीर साबावाला पॅरिसला आंद्रे लोत यांच्या चित्रशाळेत शिकून आले. दोघेही माझ्या आदराचे. पण या मंडळींनी घनवादाचे कोन घेतले आणि कड बंद ठेवली, असे मला वाटते. आकृती कोनाकोनांची होते, पण शाबूत राहते. तिच्यात आणि तिच्या भोवतालात वारा खेळत नाही. कदाचित आपला डोळा लघुचित्रांच्या बंद रेषेवर पोसलेला असल्यामुळे असे झाले असेल.

‘अकॉर्डियनवादक’ हे निर्दोष चित्र आहे असे मात्र मी म्हणणार नाही. त्याला चेहरा नाही. म्हणजे चेहऱ्याची जागा आहे, त्रिकोणाच्या टोकाशी. पण तेथे पाहत राहावे असे काही नाही, आणि नजर तेथून लवकर खाली येते. वाद्य वाजविणाऱ्याचा चेहरा हा वाजविण्याचा भाग आहे, हे ज्याने एकही मैफल समोर बसून ऐकली असेल त्याला सांगावयास नको. सूर लागण्याआधी चेहऱ्यावर जी तयारी दिसते, समेवर येताना भुवई जी उठते, तेवढ्यासाठी माणसे पुढची जागा धरतात. पिकासोने ते सोडले; त्याच्या पद्धतीत ते बसत नव्हते म्हणून सोडले, की त्याला त्याची गरज वाटली नाही म्हणून, कोण जाणे. मला ती उणीव दर वेळी जाणवते. हे चित्र एकटेपणाने ऐकलेल्या वाद्यासारखे आहे, भिंतीपलीकडून आलेल्या. भजनाच्या पेटीचे सुख त्यात नाही.

बरोबर दहा वर्षांनी, १९२१ च्या उन्हाळ्यात, फोंतेनब्लो येथे पिकासोने ‘तीन वादक’ या नावाची दोन मोठी चित्रे काढली. एक न्यूयॉर्कला आहे, दुसरे फिलाडेल्फियाला. ही चित्रे लोकप्रिय आहेत, आणि का नसावीत! कागद कापून चिकटविल्यासारखे चटकदार रंग, मुखवटे घातलेले विदूषक, आणि कोडे म्हणून पाहिले तर कोणालाही सुटणारे. फिलाडेल्फियाच्या चित्रात साधूच्या वेषातल्या वादकापाशी पुन्हा अकॉर्डियन आहे. पण दहा वर्षांत कड बंद झाली आहे. प्रत्येक तुकड्याचा काठ धारदार, शेजाऱ्याला न मिळणारा. फार देखणे, फार चतुर, आणि माझ्या कानाला मुके.

हेही चित्र मी मामांना दाखविले. भाता भरून नेण्यासाठी गेलो होतो तेव्हा. त्यांनी पाहिले, “ही बी गळ्यातलीच,” म्हणाले, आणि पुस्तक मिटून माझ्या हाती दिले. मग गोंदाचा हात फडक्याला पुसून त्यांनी पुस्तक परत मागितले आणि ते पहिले पान स्वतःच काढून माझ्या पेटीच्या झाकणावर उभे करून ठेवले. आणि पेटी नीट झाली की नाही हे पाहण्यासाठी काळी एक धरून, भाता अगदी सावकाश ओढीत, एकच सूर बराच वेळ वाजवीत राहिले.